मयत नोंद आणि आजीचं कुंकू

विटा

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट परवा पोचलं. आजोबांबद्दलच्या जुन्या कागदांच्या बारा झेरॉक्स, त्यांवर लाल पेनानं काढलेले बाण आणि शेवटी एक ओळ : ‘तात्या, यातलं खरं कुठलं तेवढं सांगा.’ तेवढंच मला सांगता यायचं नाही. उभी नोकरी तलाठ्याच्या सज्जात गेली. त्यात एवढं कळलं की कुठलाही कागद हातात आला की तो कुणी लिहिला, कुणाच्या तोंडचा लिहिला आणि त्या दिवशी त्याची गरज कुणाला होती, हे आधी विचारायचं. खरं-खोटं त्याच्या मागून येतं.

सोपं आहे ते आधी उरकू. आजोबांच्या दाखल्यावर ‘जि. सातारा’, तुझ्या वडिलांच्या जन्मनोंदीत ‘द. सातारा’ आणि तुझ्या दाखल्यावर ‘सांगली’. त्यावरून घराणं तीनदा हललं असा अंदाज तू बांधलायस. घराणं हललं नाही, जिल्हा हलला. आपला खानापूर तालुका १९४९ पर्यंत साताऱ्यात होता. मग दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली त्याचंच नाव सांगली पडलं. आटपाडी तर १९४८ पर्यंत औंध संस्थानात, म्हणजे आजोबांची बहीण तिकडं दिली तेव्हा ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नांदायला गेली म्हण.

जन्मसालाचंही फार मनाला लावून घेऊ नकोस. शाळेच्या जनरल रजिस्टरात १ जून १९२६ आहे. जूनमध्ये शाळा भरायची, बाप पोराला हाताला धरून आणायचा आणि मास्तर वयाच्या अंदाजानं १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्या पानावरची बाकीची पोरं बघ, निम्मा गाव १ जूनला जन्मलेला सापडेल. कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीतली, १९२३ ची नोंद मला जास्त जवळची वाटते, पण तिथंही पोराचं नाव नाही. बापाचं नाव आणि पुढं ‘मुलगा’, एवढंच. तो मुलगा तुझे आजोबाच कशावरून? थोरला एखादा भाऊ होऊन गेला असेल. शिवाय ती नोंद मोडीत आहे आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं, शब्द तोडलेले नसतात. वाचून देणाऱ्याकडून अक्षरन् अक्षर लिहून घे, नुसता सारांश नको. मूळ पान बघायला मिळालं तर शाईही बघ. मी अशी पानं पाहिलीत जिथं सात-आठ जन्म एकाच शाईत, एकाच हातानं, एका बैठकीत उतरवलेले आहेत. महिनाभराचं कोतवालानं डोक्यात ठेवलेलं.

पत्री सरकारची गोष्ट तू सगळ्यात वर ठेवलीस. स्वाभाविक आहे. १९४३ ते ४६ या काळात आपल्या भागात कुणाचं ना कुणाचं माणूस त्यात होतंच, आणि ज्यांनी फक्त भाकरी पोचवली त्यांचीही नोंद कुठं नाही. पण शेणोलीची पगाराची रेल्वेगाडी लुटायला आमचा आजा होता असं सांगणारे मला जितके भेटले, तितके खरंच तिथं असते तर गाडी लुटावी लागली नसती, उचलूनच आणली असती. ही गोष्ट बाजूला ठेव. खोडू नकोस, बाजूला ठेव.

आता खरा कागद. नोव्हेंबर १९५६ चा वारसाचा फेरफार. आजोबा ‘मयत’. वारस पत्नी आणि मुलगा, मुलापुढं ‘अ.पा.क. आई’, म्हणजे मुलगा अज्ञान, वयानं लहान, आणि पालनकर्ती आई. जबाब आजोबांच्या धाकट्या भावाचा. मृत्यूची तारीख नाही, ‘सुमारे दोन वर्षांपूर्वी’ एवढंच. आणि तू दुसरा कागद जोडलायस तो आजीच्या पत्र्याच्या पेटीतल्या मनीऑर्डरच्या कुपनाचा. पंधरा रुपये, पाठवणाऱ्याच्या जागी आजोबांचं नाव, शिक्क्यात ५८. तू म्हणतेस यातला एक खोटा. आणि आजीनं शेवटपर्यंत कुंकू लावलं, हे तू समासात बारीक अक्षरात लिहिलंयस.

बाळ, ते समासातलं वर घे.

त्या फेरफाराची तारीख बघ. कूळकायद्यातली मोठी दुरुस्ती १९५६ ची. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी दुसऱ्याची जमीन कसणारं कूळ त्या जमिनीचा खरेदीदार मानलं जाणार होतं. पण मालक विधवा किंवा अज्ञान असेल तर कलम ३२-फ प्रमाणं ती खरेदी लांबणीवर पडायची. नवरा परमुलखात आणि बांधावर कूळ, अशा बाईची जमीन जायची. नवरा मेलेला, पदरात अज्ञान पोर, अशा बाईची तूर्त राहायची. त्या सहा-आठ महिन्यांत आपल्याकडं कितीतरी वाटण्या आणि वारसनोंदी झाल्या. तुझ्या घरात असंच झालं हे मी छातीठोक सांगत नाही. त्या गटात तेव्हा कूळ होतं का, ते आधी बघ. तहसीलच्या रेकॉर्ड रूमला १९५० ते ६० चा सातबारा माग आणि इतर हक्कातलं नाव वाच. आताचा गट नंबर सांगून तो सापडायचा नाही. भूमी अभिलेखातून एकत्रीकरणाचा उतारा काढ, त्यावरून जुना सर्व्हे नंबर लागेल.

कूळ निघालं, तर धाकट्या आजोबांनी जिवंत भावाला कागदावर मारलं असं म्हणायला जागा आहे. दुष्टाव्यानं की वहिनीची जमीन राखायला, ते कागद सांगत नाही. हे घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नकोस. चुलत्यांना लागेल हे एक, आणि दुसरं, त्या कुळाची नातवंडं तुझ्याच वयाची आहेत आणि त्याच गावात आहेत.

आजोबा मग होते कुठं? मला वाटतं गलाईला. विटा, खानापूर, आटपाडीचा माणूस सोनं-चांदी गाळायला तेव्हापासून देशभर पांगलेला. गावाकडं यात्रा-दिवाळीला यायचं, नाही जमलं तर मनीऑर्डर. हेळवी, घराण्यांच्या वंशावळी ठेवणारा, आला की त्याच्या वहीत तुमची शाखा कशी चालवलीय ते विचार, पण तो वंश सांगेल, साल नाही.

साल नसलं तरी चालेल. आटपाडीच्या आत्याआजीची लेक अजून आहे, असं तू ओझरतं लिहिलंयस. पहिली तिच्याकडं जा. हे मी माझ्या चुकीवरून सांगतो. नोकरीत नवा होतो तेव्हा ‘इतर वारस नाही’ या जबाबावर मी एका लेकीला वगळून मुलांची नावं लावली. पुढं ती आली. भांडायला नाही, बापाचा एखादा कागद मिळतोय का बघायला. दारात उभ्याउभ्या तिनं बापाबद्दल जे सांगितलं, ते त्या मुलांपैकी एकालाही माहीत नव्हतं. नोंदीत नसलेली बाई विचारायची राहून जाते.

तिला साल विचारू नकोस, ‘मामा कधी वारले’ असंही नको. मामा यायचे तेव्हा त्यांच्या कपड्यांना वास कसला यायचा, बोटं कशी होती, ते विचार. तेजाबात काम करणाऱ्याच्या बोटांवर पिवळे डाग पडतात, धुऊन जात नाहीत. डाग तू आधी सुचवू नकोस. तिच्या तोंडून आले तर आले. ती आठ-दहा वर्षांची असताना मामा आले असतील, तर साल आपण तिच्या वयावरून काढू.

पुढच्या रविवारी ये. सांगलीहून सकाळची एसटी धर, जेवायला इथंच. आणि ते कुपन मूळच आण, झेरॉक्स नको. शिक्क्यातल्या गावाची पहिली दोन अक्षरं तिरप्या उजेडात धरली तर लागतील असं वाटतंय.

तुझा
तात्या