'चि. सौ. कां.' म्हणजे नेमकं काय, आणि ते पत्रिकेत हवंच का?

प्रश्न असा आला आहे : "मे महिन्यात माझं लग्न आहे. छापखान्यातून पत्रिकेचं प्रूफ आलं. त्यात त्याच्या नावाआधी 'चि.' आणि माझ्या नावाआधी 'चि. सौ. कां.' आहे. याचा अर्थ काय? ते काढलं तर भाषेच्या दृष्टीने काही चुकतं का? बाबा चार वर्षांपूर्वी गेले. आईच्या नावाआधी 'गं. भा.' घातलंय आणि निमंत्रक म्हणून काका-काकूंची नावं आहेत. मला हे पटत नाही, पण घरी सांगायला शब्द सापडत नाहीत."

भाषेच्या दृष्टीने काहीही चुकत नाही, हे आधी सांगून टाकते. आता शब्द एकेक करून बघू, कारण घरी सांगायला लागणारे शब्द त्यातच आहेत.

'चिरंजीव' हे नुसतं विशेषण नाही, त्यात एक अख्खं वाक्य आहे. 'चिरं जीव', म्हणजे 'खूप वर्षं जग'. संस्कृतातला हा आज्ञार्थ आपल्याकडे नावाला चिकटून बसला आणि त्याचं 'चि.' झालं. वडीलधाऱ्यांनी धाकट्यांना दिलेला हा आशीर्वाद मुलाला आणि मुलीला सारखाच लागू पडतो. आपल्या जुन्या पत्रांत तो तसा दिलेलाही आहे. 'चि. कुसुम हीस अनेक आशीर्वाद' अशी सुरुवात असलेली पोस्टकार्डं अजून कित्येक घरांतल्या ट्रंकांत सापडतील. बोलताना मात्र 'आमचे चिरंजीव' म्हटलं की फक्त मुलगा, आणि मुलगी असेल तर 'आमची कन्या'. शब्दात हा भेद नव्हता, वापरणाऱ्यांनी तो केला.

'सौ. कां.' म्हणजे 'सौभाग्यकांक्षिणी'. 'कांक्ष्' या धातूचा अर्थ इच्छा करणे. त्याला 'आ' जोडला की आपली ओळखीची 'आकांक्षा' होते. म्हणून 'सौभाग्याकांक्षिणी' असंही रूप दिसतं आणि दोन्ही बरोबर आहेत. अनुस्वार मात्र हवाच. कितीतरी पत्रिकांत 'सौ. का.' छापलेलं असतं आणि त्याला काही अर्थच उरत नाही.

सौभाग्य कसलं, हा खरा प्रश्न. संस्कृतात 'सुभग' म्हणजे भाग्यवान, देखणा, लोकांना हवाहवासा वाटणारा. सुभग असण्याचा गुण म्हणजे 'सौभाग्य'. पुरुषालाही 'सुभग' म्हणत. बायकांच्या बाबतीत हळूहळू त्याचा एकच अर्थ शिल्लक राहिला : नवरा जिवंत असणं. मराठीत तर तो इतका पक्का बसला की 'सौभाग्यलेणं' म्हटल्यावर मंगळसूत्राखेरीज दुसरं काही डोळ्यांपुढे येत नाही. आपला जुना शब्द 'अहेव' बघा. ओव्यांमध्ये 'अहेव मरण' मागितलेलं असतं. हा शब्द आला 'अविधवा'पासून. म्हणजे ज्या बाईला आपण भाग्याची म्हणतो, तिचं नावसुद्धा 'जी विधवा नाही ती' असं पडलं.

आता तुमचं प्रूफ समोर ठेवा आणि लघुरूपं सोडवून मोठ्याने वाचा. त्याच्या नावाआधी आहे : 'खूप वर्षं जग'. तुमच्या नावाआधी : 'खूप वर्षं जग, आणि तो जगावा अशी इच्छा करणारी'. काही पत्रिकांत तर वधूचं 'चि.' गाळून नुसतंच 'सौ. कां.' छापतात. तिथे तिला स्वतःसाठी आयुष्यही मागितलेलं नसतं. घरी काय सांगायचं, असं विचारलंत ना? भाषण करू नका. एवढं वाचून दाखवा.

पुढचा हिशेब त्याहून कडक आहे. पुरुष लहानपणी 'चि.', मोठा झाला की 'श्री.' आणि गेल्यावर 'कै.'. त्याच्या नावामागचं अक्षर त्याच्या स्वतःच्या वयाने आणि स्वतःच्या मरणाने बदलतं. बाईचं 'कु.', 'सौ. कां.', 'सौ.', 'गं. भा.' असं चालतं, आणि यातला प्रत्येक बदल दुसऱ्या कुणाच्या तरी असण्या-नसण्याने होतो. 'सौ.' म्हणजे विवाहित, असं सरसकट सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. नवरा गेला त्या दिवशी बाई काही अविवाहित होत नाही, पण 'सौ.' त्याच दिवशी काढून घेतली जाते. बायको असलेल्या पुरुषासाठी असं अक्षर मराठीत नाही. बायको गेलेल्यासाठी 'विधुर' हा शब्द आहे, तो दुसऱ्या लग्नाला उभा राहिला तर 'बिजवर' आहे, पण पत्रिकेत नावाआधी 'वि.' लावलेला गृहस्थ मी कधी पाहिलेला नाही. ताराबाई शिंद्यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिताना हेच विचारलं होतं, की बायको गेल्यावर पुरुषाला जे लागू नाही ते नवरा गेल्यावर बाईलाच का?

'गं. भा.' म्हणजे 'गंगा भागीरथी'. नद्यांची नावं आहेत, पावित्र्य सुचवतात, त्यामुळे ती मानाची वाटतात. एप्रिल 2023 मध्ये 'विधवा' या शब्दाऐवजी हेच वापरावं का, अशी चर्चा राज्य सरकारच्या पातळीवर निघाली होती आणि तिला भरपूर विरोध झाला. मलाही तो विरोध योग्य वाटला. शब्द कितीही गोड असला, तरी तो बाईच्या आधी येऊन तिचा नवरा गेल्याची बातमी सांगत राहतो. त्याच्या आदल्याच वर्षी, मे 2022 मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. हातातल्या बांगड्या राहू द्यायच्या आणि नावातलं अक्षर मात्र फोडायचं, हे मला पटत नाही.

हे मी जवळून पाहिलंय. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात पत्रिकेचं प्रूफ जेवणाच्या टेबलावर आलं. त्यात आई सगळ्यात शेवटी, 'आपले नम्र'च्या यादीत, 'गं. भा.' लावून. तिने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं, वह्या तपासायची लाल शाईची सवय. तिने चष्मा लावला, लाल पेन घेतलं, 'गं. भा.'वर आडवी रेघ मारली आणि तिथून एक लांब बाण काढून स्वतःचं नाव वर नेलं, निमंत्रकाच्या जागी. काका म्हणाले, "वहिनी, लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "मुलगी माझी, बोलावणं माझं." काका गप्प बसले. दुसऱ्या प्रुफात तिचं नाव वरच होतं आणि त्याच्याआधी काहीही नव्हतं.

मग 'श्रीमती' चालेल का? शब्द म्हणून उत्तम आहे. 'श्रीमत्' याचं सरळ स्त्रीलिंगी रूप, नवऱ्याशी काही संबंध नाही. हिंदीत विवाहित बाईला सर्रास 'श्रीमती' म्हणतात. मराठीत मात्र पत्रिकेतलं 'श्रीमती' पुष्कळांना 'गं. भा.'चंच सौम्य रूप वाटतं, आणि एखाद्या मावशीला चुकून 'श्रीमती' लिहिलं तर त्या दुखावतात. सरकारी पत्रांत, वर्तमानपत्रांत सगळ्याच बायकांना 'श्रीमती' लिहून हा वास हळूहळू उडतो आहे. तुमच्या पत्रिकेत दोन्हीकडच्या आयांना 'श्रीमती' लावणार असाल तर जरूर लावा. एकीला 'सौ.' आणि दुसरीला 'श्रीमती' असं नको, नाहीतर तीच बातमी वेगळ्या अक्षरांत छापली जाईल.

'सौ. कां.' काढलं तर संस्कृती बुडेल, असं कुणीतरी म्हणेलच. त्यांना आजोबांच्या काळातली एखादी पत्रिका शोधून दाखवा. 'यांचा शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे' असं तेव्हा बिनदिक्कत छापलेलं असायचं. तो पत्रिकेतला रूढ शब्द होता. आज कुणीही तो छापणार नाही. 'विवाह' आला, 'शरीरसंबंध' गेला, कुणी सुतक पाळलं नाही. आणि लग्नातले शब्द मुद्दाम, विचार करून बदलणंही आपल्याकडे नवं नाही. सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न 1873 मध्ये लागलं, आणि जोतीराव फुल्यांनी लिहिलेल्या मंगलाष्टकांत वधू वराकडे स्त्रियांच्या हक्कांबद्दल वचन मागते.

माझी मामी चाळीस वर्षं सहीत 'सौ.' लिहिते आहे. ते तिला प्रिय आहे, आणि तिच्या नावाचा निर्णय तिचा. तुमच्या नावाचा तुमचा.

तेव्हा मी असं सुचवेन. दोघांनाही नुसतं 'चि.' लावा. शब्द जुना आहे, वडीलधाऱ्यांच्या कानाला परका वाटणार नाही आणि दोघांनाही सारखंच आयुष्य मागतो. पालकांची नावं लिहिताना 'श्री. व सौ. अमुक' असं लिहू नका, त्यात आईचं नावच नसतं. आईचं पूर्ण नाव लिहा, बाबांचं त्याच्या शेजारी. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावांत राज्याच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आलाच आहे, तोच तुमच्या नावासाठीही वापरता येईल. निमंत्रक म्हणून आई. काका-काकू हवेतच, ते तिच्याखाली.

प्रेसमध्ये हे मॅटर आधीच तयार असतं, फक्त नावं बदलतात. त्यामुळे शेवटचं प्रूफ स्वतः बघा. तुम्ही काढलेलं 'सौ. कां.' ऑपरेटर सवयीने परत घालतो, हे मी दोनदा पाहिलंय.

आणि पाकिटं लिहायला बसाल तेव्हा यादीतल्या ज्या आत्या, मावश्या, शेजारच्या आजी एकट्या आहेत, त्यांच्या पाकिटावरही 'गं. भा.' नको. नुसतं नाव, आडनाव आणि पुढे 'यांस'. बाकीच्या पाकिटांवर 'सहकुटुंब' लिहिता, तसं त्यांच्याही पाकिटावर लिहा.