तारांना हात लावला की गिटारचा हम कमी होतो, म्हणजे पिकअप खराब आहे का?

तुमचं म्हणणं असं की स्ट्रॅट टाइप इलेक्ट्रिक गिटारला तीन नवीन सिंगल कॉइल पिकअप (तारांच्या कंपनांचा विजेचा सिग्नल करणारे, एकाच वेटोळ्याचे) बसवले, तेव्हापासून घूंऽऽ आवाज, म्हणजे हम, यायलाय, तारांना हात लावला की कमी होतो, दुकानदार म्हणतो पिकअप बदला, आणि अधूनमधून बोटांना झिणझिण्या येतात.

पिकअप बदलू नका ओ, पैसे वाया जातील. पण हमचं राहू दे, आधी त्या झिणझिण्यांचं बघा. ब्रिजची (तारा जिथं टेकतात त्या धातूच्या भागाची) वायर व्हॉल्यूम पॉटच्या, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या डबीच्या, पाठीवर येते, तिथून जॅक (केबल खुपसायचं भोक), मग केबलची जाळी आणि शेवटी अँपची (अँप्लिफायरची) बॉडी, म्हणजे तुमच्या तारा सरळ अँपच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. प्लगला अर्थिंग नसेल तर अँपमधला लीकेज करंट तुमच्या अंगातून वाट काढतो. सोलापुरात पेठांमधल्या कितीतरी जुन्या घरांत बोर्डाचं तिसरं भोक नुसतं शोभेला असतं, आत वायरच नाही. वायरमनला बोलवून फेज ते अर्थ मोजायला सांगा, 230 व्होल्टच्या आसपास आलं पाहिजे, आणि न्यूट्रल ते अर्थ अगदी थोडे. तोपर्यंत गिटार लावू नका. हम जावा म्हणून प्लगची जाडी पिन काढून टाका असं सांगणारे भेटतात, त्यांचं अजिबात ऐकायचं नाही. गड्ड्याच्या जत्रेत नाहीतर गणपतीत स्टेजवर वाजवत असाल तर अजून जपून, कारण माइक एका लाइनवर आणि अँप दुसऱ्या लाइनवर असला की ओठ माइकला टेकल्यावर जोरात शॉक बसू शकतो.

आता हम. हात लावल्यावर कमी होतो म्हणजे ब्रिजची वायर ठीक आहे. घरातल्या वायरिंगचा 50 हर्ट्झचा गोंधळ तुमचं अंग अँटेनासारखं पकडतं, तारेला हात लावला की अंग ग्राउंड होतं आणि आवाज बसतो. हात लावून काहीच फरक पडला नसता तर मागचं झाकण उघडून स्प्रिंगच्या पट्टीवरची वायर सुटली का बघायला सांगितलं असतं, आणि हात लावल्यावर उलट वाढला असता तर जॅकवर हॉट (सिग्नलची वायर) आणि ग्राउंडची अदलाबदल झालीय असं म्हटलं असतं.

तुमच्या केसमध्ये दोनच गोष्टी. एक, पॉटच्या पाठीवरचे जोड. मल्टिमीटर बीपवर लावा, एक टोक जॅकच्या ग्राउंडला, दुसरं प्रत्येक पॉटच्या पाठीला, मग ब्रिजला, सगळीकडं बीप आलाच पाहिजे. पॉटची पाठ उष्णता खाते, त्यामुळं 25 वॉटच्या सोल्डरिंग आयर्ननं तिथं सोल्डर वितळतं पण धरत नाही, नुसता मळकट दाणेदार गोळा बसतो आणि वायर ओढली की अलगद निघून येते. 60 वॉटचं घ्या, पाठ पॉलिशपेपरनं घासा, फ्लक्स लावा, चकचकीत पसरलं की झालं.

दोन, शिल्डिंग, म्हणजे बाहेरचा गोंधळ अडवणारं धातूचं आवरण. आतल्या खाचेत आणि पिकगार्डच्या (पुढच्या प्लास्टिकच्या पत्र्याच्या) मागं कॉपर टेप लावा, सगळे तुकडे एकमेकांना सोल्डरनं जोडा आणि एक वायर ग्राउंडला. टेप हॉट जोडांना चिकटली तर गिटार मुकी होईल, तेवढं सांभाळा.

टेप लावूनही थोडा हम राहणारच, ती सिंगल कॉइलची जातच आहे. उगाच नाही 1955 मध्ये गिब्सनच्या सेथ लव्हरनं दोन कॉइल उलट जोडून हमबकर, म्हणजे हम मारणारा पिकअप, बनवला. गिटार घेऊन जागेवरच गोल फिरा, एखाद्या दिशेला हम गप्प झाला तर तो ट्रान्सफॉर्मर-मोटारचा मॅग्नेटिक हम, त्याला कॉपर टेप काही करत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात राहत असाल आणि भिंतीपलीकडं यंत्रमाग चालू असेल तर खुर्चीची जागा बदलून बघा, खर्च शून्य.

पिकअप निवडायच्या स्विचच्या दोन आणि चार नंबरला (तिथं दोन पिकअप एकत्र चालतात) हम कमी होत असेल तर मधला पिकअप रिव्हर्स वाउंड, म्हणजे उलट गुंडाळलेला, आहे, बरोबर लागलाय. पण तिथं आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा येत असेल तर पिकअपचा फेज उलटा झालाय, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना खोडतात, मधल्या पिकअपच्या दोन वायरी आपसात बदला. त्याला पत्र्याचं कव्हर असेल तर मात्र कव्हरची ग्राउंड आधी वेगळी काढा, नाहीतर कव्हरच हॉट होऊन बसेल.