पाळणाघराचं पहिलं वर्ष, सततचा ताप आणि राजीनाम्याचा विचार

ताई, राजीनामा आत्ता टाकू नका. कधीच टाकू नका असं नाही म्हणत, त्यावर शेवटी लिहितो, पण जूनमध्ये मुलगी पाळणाघरात जायला लागली आणि आता ऑक्टोबर, या चार महिन्यांवरून नोकरीचा निर्णय घ्यायचा नसतो, कारण हेच महिने सगळ्यात वाईट असतात. पावणेदोन वर्षांची मुलगी, घर ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीला, तुमचं ऑफिस ऐरोलीत, मिस्टर लोअर परळला, सासूबाई साताऱ्याला, दर पंधरा दिवसांनी ताप नाहीतर जुलाब, रजा संपत आल्यात आणि वर मॅनेजरचं "तुमचं नेहमीचंच झालंय". वाचून खरंच वाईट वाटलं. माझी बायको नर्स आहे, शिफ्ट ड्युटी, वॉर्ड टाकून निघता येत नाही, त्यामुळे आमच्या दोन्ही मुलांच्या वेळी महापेहून ठाण्याला पळत येणारा बहुतेक वेळा मीच असायचो, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी मुलीबद्दल. पाळणाघरात नव्याने जाणाऱ्या मुलाला वर्षात ८-१० वेळा सर्दी-ताप होणं डॉक्टर नॉर्मल धरतात. सर्दीचे व्हायरसच दोनशेच्या वर आहेत, एकेक सर्दी आठ-दहा दिवस रेंगाळते, खोकला त्याहून जास्त, आणि पावसाळ्यात-थंडीत त्या एकामागोमाग येतात, मग पोरगी कायम आजारीच आहे असं वाटणारच. तुमचं काही चुकत नाहीये. आणि जी मुलं आत्ता घरी असतात ती प्लेग्रुपला जायला लागली की त्यांचं हेच सुरू होतं, म्हणजे नोकरी सोडून ही आजारपणं टळत नाहीत, बहुतेक वेळा नुसती पुढे जातात.

डॉक्टरांशी वेगळं बोलायचं ते वजन वाढत नसेल, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होत असेल, किंवा दर सर्दीला छातीत घरघर आणि रात्री खोकल्याची उबळ येत असेल तर. घोडबंदरला बांधकामांची धूळ किती आहे ते तुम्हाला माहितीच आहे, तेही सांगा. आणि शांत पडलेली असताना श्वास मिनिटाला ४० किंवा वर जात असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, सहा-आठ तासांत शू नाही, किंवा मूल मलूल पडून नीट जागंच होत नसेल तर सकाळची वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल. फ्लूची लस दिलीये का तेही विचारा, सरकारी मोफत लसींमध्ये ती नसते म्हणून बऱ्याच जणांची राहून जाते, पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतराने दोन डोस आणि मग दरवर्षी एक.

एक गोष्ट आजच करा. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅमचंही मिळतं आणि २५० चंही, नाव तेच, बाटली जवळपास तशीच. घरात एकच प्रकार ठेवा आणि डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेला डोस कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा, कारण तुम्ही नसताना औषध देणारं माणूस वेगळं असणारे.

आता मुख्य मुद्दा. पाळणाघराच्या फॉर्मवर पहिला नंबर कोणाचा आहे? तुमचाच असणार. दुपारी ताप चढला की फोन तुम्हाला, निघायचं तुम्ही, दुसऱ्या दिवशीची रजा तुमची, डॉक्टरकडे तुम्ही, आणि ऑफिसात नाव खराब तेही तुमचंच. मिस्टरांना लोअर परळहून यायला दोन तास लागतात हे मान्य, पण त्यामुळे फक्त आणायला जायचं काम तुमच्याकडे येतं, पुढची रजा नाही! पाळणाघरं साधारण औषधाशिवाय २४ तास ताप नसल्याशिवाय घेत नाहीत, म्हणजे ज्या दुपारी फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी घरी कोण हे आधीच पक्कं असायला हवं. आमच्याकडे नियम होता की त्या दिवशी जो निघून आला तो दुसऱ्या दिवशी कामावर जाणार आणि दुसरा घरी थांबणार, बायकोची ड्युटी अगदीच हलत नसेल तेव्हाच सूट. आणि हे रात्री जेवणं झाली की बोलायचं, सकाळी सात वाजता एकाचा डबा भरलेला आणि दुसऱ्याची लोकल चुकतेय अशा वेळी नाही, कारण तेव्हा जिचा जीव जास्त तुटतो तीच थांबते आणि ती आईच असते. मला ऑफिसात विचारायचे, घरी मिसेस नाहीत का? मी सांगायचो, आहेत, पण त्या वॉर्डात पेशंट सांभाळतायत, आज माझी पाळी. दोन-तीन वेळा ऐकल्यावर लोक विचारायचे थांबले. मिस्टरांना हे वाक्य एकदा बोलू द्या, पहिल्या वेळीच जड जातं. आणि बाबाला फाइल कुठे आहे, डॉक्टर संध्याकाळी किती वाजता बसतात, मागच्या वेळी कुठलं अँटिबायोटिक दिलं होतं हे तुम्हाला फोन न करता माहीत असायला हवं, नाहीतर तो घरी आणि तुम्ही ऐरोलीत बसून फोनवर घर चालवताय, ती रजा तुमचीच गेली.

मॅनेजरशी बोलायचं ते मुलगी बरी असेल त्या आठवड्यात. रडकुंडीला आलेलं असताना बोललं की फक्त माफी मागितली जाते. सरळ सांगा की फेब्रुवारीपर्यंत महिन्यातले दोन-तीन दिवस असे जाऊ शकतात, त्या दिवशी हे काम घरून होईल, हे होणार नाही, आणि हे अमुक सहकाऱ्याला दाखवून ठेवलंय. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, जिथे २० किंवा जास्त माणसं आहेत तिथे (२०२५ पर्यंत ही अट १० ची होती), वर्षाला ८ किरकोळ रजा आणि कामाच्या दर २० दिवसांमागे १ भरपगारी रजा मिळते, ती ४५ पर्यंत साठते. त्याच वर्षी मातृत्व लाभ कायद्यातही दुरुस्ती झाली, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येतं. एचआरला मेलवर विचारा, तोंडी नको.

बिल्डिंगमधल्या एखाद्या काकू किंवा रिटायर्ड आजी शोधा, रीतसर पैसे ठरवून, आणि मुलगी बरी असतानाच दोन-चार तास त्यांच्याकडे ठेवून बघा. ताप उतरलाय पण पाळणाघर घेत नाही त्या दिवसासाठी त्या लाखमोलाच्या. सासूबाईंना दर आजारपणात साताऱ्याहून धावत बोलावू नका, पुढच्या वर्षी जुलै-ऑगस्ट राहायलाच या म्हणा, त्यांनाही नात हसती-खेळती बघायला मिळेल.

आणि सोडायचंच ठरलं तर पुढचा जून बघून ठरवा, आणि त्याआधी बिनपगारी रजा किंवा कमी तास मागून बघा. तुमच्या पगारातून पाळणाघराची फी वजा केली की उरतंय काय, असा हिशोब घरात कोणी मांडला तर मांडू देऊ नका, मुलगी दोघांची आहे, फी दोघांच्या पगारातून जाते. तुम्ही लिहिलंय या कंपनीत चार वर्षं झाली, कायम नोकरी असेल तर ग्रॅच्युइटीला सलग ५ वर्षं लागतात, ती कुठल्या तारखेला पूर्ण होतायत ते ऑफर लेटर काढून आधी बघा.