डेंटिंग-पेंटिंगनंतर दारावर दाणे आणि फुगे आलेत. गाडी परत गॅरेजला द्यावी का?

फुगे असतील तर नक्की द्या. बोट फिरवून बघा. दाणा टणक लागतो. ओल्या क्लिअरकोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, बसलेली ती धूळ असते. संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणाही वरच्याच थरातला. रंग पूर्ण वाळला की 2000 नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासतात, वर रबिंग कंपाउंड मारतात, दोन्ही जातात. घरी मात्र करू नका. क्लिअरकोट जेमतेम 40-60 मायक्रॉनचा, दाराच्या कडेला तर क्षणात निघतो.

फुगा आतून येतो. पुट्टीत ओल राहिलेली असते किंवा पत्र्यावरचा गंज नीट काढलेला नसतो. आपल्या बेळगाव-खानापूरच्या पावसात उघड्या शेडमध्ये घाईने काम उरकलं की हे व्हायचंच. "पॉलिश मारून देतो" म्हणाले तर अजिबात ऐकू नका. तेवढा भाग पत्र्यापर्यंत खरवडून, सुकवून, पुन्हा प्रायमरपासून करून घ्या.

रंगाची छटा जुळते का ते उन्हात, तिरक्या बाजूने बघा. ट्यूबलाइटखाली फरक कळत नाही. मेटॅलिक रंग असेल तर शेजारच्या पॅनेलवर ब्लेंडिंग मागा, म्हणजे नवा रंग तिथपर्यंत हळूहळू विरत न्यायला सांगा. उद्यमबागेतलं गॅरेज असो की शोरूम, जॉब कार्डवर दोष लिहून घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका.