पाती बारा, कामाची दोन

(‘भांडीवाल्या काकांना विचारा’ या सदरात सांगलीच्या गणपती पेठेत भांड्यांचं दुकान चालवणारे आमचे काका वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. होळी झाली, वाळवणं सुरू होतील, त्यामुळे या वेळी पत्रांत किसणी आणि स्लायसरचीच गर्दी होती.)

प्रश्न : काका, मला एकच स्लायसर घ्यायचा आहे. उपवासाचे वेफर्स, कोबीची पचडी, लोणच्यासाठी गाजराच्या सळ्या आणि भज्यांचा कांदा, एवढं त्यावर व्हायला हवं. मोबाइलवर ‘बारा कामं एकात’ असा एक दिसतोय, स्वस्तही आहे. धाकटी जाऊ म्हणते मँडोलिन घ्या. सासूबाई म्हणतात, घरात विळी असताना हे कशाला? (एक वाचक, कराड)

उत्तर : वहिनी, आधी सासूबाईंचं बघू, कारण त्यांचं निम्मं बरोबर आहे. काकडी चोचवायची तर विळीला तोड नाही, ते काम कुठलाही स्लायसर करत नाही. कृष्णाकाठच्या वांग्याचे जाड कापही सुरीनंच करावेत. पण पाच किलो बटाट्याच्या चकत्या करायला बसलात की चांगली सुगरणसुद्धा शेवटच्या किलोला दमते आणि चकती जाड पडायला लागते. जाड आणि बारीक एकाच घाण्यात तळलं की बारीक करपते आणि जाड मऊ राहते. सगळ्या चकत्या एका जाडीच्या पडाव्यात, यासाठी स्लायसर घ्यायचा. वेळ वाचतो तो वरचा फायदा.

मँडोलिन हे नाव मोठं आहे, वस्तू ओळखीचीच आहे. आपल्या वेफर्सच्या किसणीत पातं एका उंचीवर कायमचं बसवलेलं असतं. मँडोलिनमध्ये पात्याच्या अलीकडचा पत्रा खालीवर करता येतो. पातं आणि पत्रा यांच्यात जेवढं अंतर, तेवढी चकती जाड. सळ्या करायच्या असतील तेव्हा पात्यापुढे उभे दात वर येतात आणि एकाच फेरीत चकती होऊन तिच्या काड्या पडतात. जपानी बेनरायनर आणि जर्मन बोर्नर ही त्यातली जुनी नावं. आता त्याच धर्तीचे इथलेही मिळतात.

‘बारा कामं एकात’ मात्र घेऊ नका. मी दुकानात असले स्लायसर ठेवत होतो, आता ठेवत नाही. दुरुस्तीला म्हणून जे परत येतात, त्यांत दोन पाती वापरलेली असतात आणि बाकीची दहा अजून प्लास्टिकच्या पिशवीत कोरी. त्या बारांत निम्मी किसायचीच असतात, बारीक, मध्यम, जाड अशी. शिवाय प्रत्येक पातं खाचेत सरकवायचं म्हणजे खाच थोडी सैल ठेवावीच लागते. सैल पातं बटाट्याखाली डुगडुगतं आणि ज्यासाठी स्लायसर घेतला ती एकसारखी चकती तिथंच हातची जाते.

मग बघायचं काय? पहिलं पातं. आमच्याकडे बरीच मंडळी पर्समध्ये लोहचुंबक घेऊन येतात. डब्याला चिकटलं नाही की खूश, पात्याला चिकटलं की म्हणतात, ‘काका, हे खोटं स्टील.’ डब्या-पातेल्याचं ३०४ नंबरचं स्टील चुंबकाला चिकटत नाही हे खरं. पण ते तापवून, विझवून कडक करता येत नाही, त्यामुळे त्याची धार टिकत नाही. सुरी-पात्यांचं कडक होणारं स्टील वेगळं असतं आणि ते चुंबकाला चिकटतंच. तेव्हा पात्याला चुंबक चिकटलं तर नाक मुरडू नका, चिकटलं नाही तर मात्र चौकशी करा. पातं नुसता पत्रा दाबून, कड वाकवून केलेलं नको. तिरपा प्रकाश टाकून बघा, कडेला घासून आणलेला बारीक उतार दिसला पाहिजे.

दुसरा आकार. सरळ आडवं पातं बटाट्याला एकदम पूर्ण रुंदीत भिडतं, त्यामुळे जोर लागतो. तिरकं पातं किंवा मधे टोक असलेलं व्ही आकाराचं पातं सरकत कापतं. टोमॅटो, पिकलेलं पेरू असं मऊ काही असेल तर व्हीच बरं, सरळ पात्याखाली साल आधी दबते आणि रस सुटतो. व्हीचा तोटा एवढाच की मधल्या कोपऱ्यात कांद्याचे तुकडे अडकतात आणि घरी धार लावता येत नाही.

तिसरी गोष्ट रुंदी आणि बैठक, आणि हिच्याकडे कुणी बघत नाही. कोबीचा चतकोर बसेल एवढा रुंद हवा, नाहीतर पचडीसाठी गड्डा इतका बारीक फोडावा लागतो की मग सुरीनंच चिरलेलं बरं. पाय असलेला स्लायसर ओट्यावर छान दिसतो, पण त्याच्याखाली तुमचं पातेलं जात नाही. वेफर्सच्या चकत्या पडतील तशा पाण्यात गेल्या पाहिजेत, तर पिठूळपणा सुटतो आणि त्या काळ्या पडत नाहीत. म्हणून खालून खाचा असलेला, पातेल्याच्या काठावर अडकून बसणारा घ्या. घ्यायला येताना पातेल्याची रुंदी दोरीनं मोजून आणा. हसू नका, आमच्याकडे आणतात.

चौथी पकड. भाजी धरायची ती टोपी खिळ्यांची हवी आणि दोन्ही बाजूंच्या काठांवर नीट सरकायला हवी. बऱ्याच पकडी नुसत्या दाखवायला असतात. दुकानात बटाटा मागा आणि सरकवून बघा. देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.

तुमच्या यादीला एक तिरकं किंवा व्ही पातं, जाडी साधारण एक ते पाच-सहा मिलिमीटरपर्यंत बदलणारी चावी आणि सळ्यांचे दात एवढं पुरे. गाजर उभं सरकवा, सळ्या लांब पडतात. भज्यांना कांदा अर्धा करून सपाट बाजू खाली ठेवा. आणि वर्षातून एकदा वेफर्स, बाकी काही नाही, असं असेल तर मँडोलिनही नको, साधी स्टीलची वेफर्सची किसणी घ्या. सासूबाईंना तेवढंच पटेल.

प्रश्न : माझ्या स्लायसरवर चकती एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला कागदासारखी पडते. हात चुकतो की यंत्र? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : आधी यंत्राला विचारा. स्लायसर डोळ्यांच्या रेषेत खिडकीकडे धरा आणि पातं आणि पत्रा यांच्यातली फट बघा. एका टोकाला उजेड जास्त दिसला तर त्या बाजूचा स्क्रू ढिला आहे किंवा पत्रा वाकलाय. फट सरळ असेल तर स्लायसरचं अंग दाबून बघा. पातळ प्लास्टिक मधे खाली जातं, हात जड पडला की चकती फुगते. त्याला इलाज नाही, हात हलका ठेवा किंवा बदला. तिसरं कारण बटाटाच. गोल बुडानं सुरुवात केली की तो लोळतो. सुरीनं एक बाजू सपाट करून तिथून सुरू करा.

जाडी मोजायची युक्ती सांगतो. चावीवरच्या आकड्यांवर विसंबू नका. दहा चकत्या एकावर एक रचा आणि मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी उभी लावा. पंधरा मिलिमीटर भरल्या तर एक चकती दीडची. लगेच तळायच्या वेफर्सना दीडच्या आसपास ठेवा, उन्हात वाळवायच्या असतील तर दोन. तुरटीच्या पाण्यात अर्धवट उकडताना त्याहून पातळ चकती फाटते आणि वाळल्यावर साडीला, नाहीतर प्लास्टिकला चिकटून बसते.

प्रश्न : जाळीचे वेफर्स कसे करतात? नागमोडी पातं आहे, पण नुसत्या रेघा पडतात. (एक वाचक, विटा)

उत्तर : प्रत्येक फेरीनंतर बटाटा हातात पाव वळण फिरवा, म्हणजे एका बाजूच्या रेघा उभ्या, दुसऱ्या बाजूच्या आडव्या पडतात. दोन्हीकडच्या खाचा जिथं मिळतात तिथं भोक पडतं. तरीही भोक पडत नसेल तर चकती जाड आहे, चावी एकेक घर खाली आणत जा. पहिली चकती जाळीची येत नाही, ती आमटीत टाका.

प्रश्न : मी वाईला एकटा राहतो, स्वतः रांधतो. स्लायसर घ्यावासा वाटतो, पण बोटाची भीती वाटते. बोट कापू नये म्हणून घालतात तो हातमोजा खरंच उपयोगी असतो का? (एक वाचक)

उत्तर : दादा, भीती रास्त आहे. बोट कापतं ते बहुतेक वेळा भाजीचा शेवटचा तुकडा संपवायच्या नादात. बोटभर तुकडा उरला की थांबायचं. तो सुरीनं चिरून रश्श्यात टाका, दोन रुपयांच्या बटाट्यापायी बोटाला टाके कोण घेतो? पकड हाताशी नसेल तर बोटं वर उचलून तळव्यानं ढकला, बोटांच्या टोकांनी धरू नका. हात आणि दांडा कोरडा ठेवा. आणि घाईत असताना, फोन कानाला लावून, हे काम करूच नका.

हातमोजा उपयोगी आहे, पण चांगला बघून घ्या. पाठीवर ढालीत हातोडीचं चिन्ह आणि त्याच्याजवळ ईएन ३८८ असं युरोपीय मानक छापलेलं असतं. त्या चिन्हाखाली आकड्यांची ओळ असते, तिच्या शेवटी ए ते एफ असं एक इंग्रजी अक्षर असतं. ते कापण्याविरुद्धचं, ए सगळ्यात कमी, एफ सगळ्यात जास्त. घरासाठी सी किंवा त्यापुढचं बघा. अक्षरच नसेल तर तो साधा विणलेला मोजा समजा. भाजी धरणाऱ्या हातात घालायचा, आणि मापाचा हवा, सैल मोजाच पात्यात ओढला जातो. तो कापण्यापासून वाचवतो, टोचण्यापासून नाही. सळ्यांचे दात विणीतून आत जाऊ शकतात, तिथं पकडच हवी.

धुताना जास्त जपा. साबणाच्या पाण्यात भांड्यांच्या ढिगाखाली स्लायसर सोडायचा नाही. वाहत्या नळाखाली, जुन्या दातांच्या ब्रशनं, पात्याच्या पाठीकडून धारेकडे बाहेरच्या दिशेनं घासा. ठेवताना चावी शून्यावर, म्हणजे पातं झाकलं जातं.

प्रश्न : नवा स्लायसर, चकत्या सुरेख, तरी तळल्यावर वेफर्स तांबूस आणि कडवट. पात्यामुळे होतं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही, बटाट्यामुळे. शीतगृहाच्या थंडीत बटाट्यातला स्टार्च मोडून साखर होते आणि ती तेलात करपते. फ्रिजमधला बटाटा वेफर्सना घेऊ नका, बाजारातून गोडसर लागणारा मिळाला तर आठवडा-दोन आठवडे घरात टोपलीत उघडा ठेवून बघा. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं १९९८ साली चिप्ससाठीच कुफरी चिप्सोना हे वाण आणलं, ते याच कारणानं, त्यात ही साखर कमी असते. भाजीवाल्याला विचारून बघा, मिळाला तर तोच घ्या.

प्रश्न : ओल्या हळदीचं लोणचं घातलं आणि पांढरा स्लायसर पिवळा झाला. धारही गेली आहे. सायकलवर फिरणाऱ्या धारवाल्याकडे द्यावा का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याआधीपासून ती आमच्या दुकानातलं प्लास्टिक रंगवत आली आहे. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून आधी शेंगतेलाचा बोळा फिरवा, कोरड्या फडक्यानं पुसून काढा, मग साबण. साबण लागल्यावर डाग लालसर झाला तर दचकू नका. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तोच प्रकार. नंतर दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा. ऊन हा रंग मोडतं, राहिलेला पिवळेपणा बराच उतरतो. पुढच्या वर्षी हळद चिरण्याआधीच प्लास्टिकवर तेलाचा हात फिरवून घ्या.

धारवाल्याकडे मात्र देऊ नका. त्याच्या चाकावर सुरी, विळी ठीक आहे. स्लायसरचं पातं पातळ असतं, चाकावर तापून मऊ पडतं आणि थोडं जास्त घासलं गेलं की फट बदलते. व्ही, नागमोडी आणि चिनीमातीसारख्या पांढऱ्या सिरॅमिक पात्याला घरीही हात लावू नका, नवं मिळत असेल तर बसवा. तुमचं सरळ आणि स्क्रूचं असेल तर बारीक दगड पाण्यात भिजवून घ्या, उताराची बाजू त्याच कोनात हलके पाच-सात वेळा ओढा, मग सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून एकदाच. तेवढ्यानं कडेला आलेली बारीक कंगोरी निघते.

आणि स्क्रू काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. उतार वर होता की खाली, हे नंतर कुणालाच आठवत नाही. उलटं बसवलेल्या पात्यावरून बटाटा नुसता घसरतो आणि मग ते घेऊन दुकानात येतात, ‘काका, धार लावली तरी कापत नाही बघा.’