ॲल्युमिनियममधले आटे पुन्हा पुन्हा जातात तेव्हा

तुमचं झाकण १२ मिमीच्या ॲल्युमिनियम प्लेटवर एम६ (६ मिमी व्यासाच्या) बोल्टने बसतं, रोज उघडावं लागतं आणि दुसऱ्यांदा आटे गेले. आता बोल्ट स्टेनलेसचे घ्यावेत की भोक एम८ करावं, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते दोन्ही नको. झिजतात ते भोकातले आटे, बोल्टचे नाहीत. गेलेल्या भोकातला बोल्ट काढून पाहा, बहुतेक वेळा त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची बारीक चमकती तार गुंडाळलेली दिसते. तेच तुमचे आटे. एम८ केलंत तरी रोजच्या उघडझापीत तेही जाणारच.

झीज स्टीलवर स्टील अशी झाली पाहिजे. त्यासाठी हेलिकॉइल, म्हणजे भोकात बसणारा, आट्यांचं काम करणारा स्टेनलेस तारेच्या वेटोळ्यांचा इन्सर्ट, टाका. एम६ साठी ६.३ मिमी ड्रिल आणि हेलिकॉइलचाच खास टॅप (आटे पाडायचं हत्यार) लागतो. साधा टॅप चालत नाही. लांबी व्यासाच्या दीडपट, म्हणजे ९ मिमी घ्या. इन्सर्ट पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा पिच (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) खाली बसवा. वर राहिला तर झाकण त्याच्यावर टेकतं आणि बोल्ट आवळताना तो ओढला जातो. मग खालची आडवी शेपटी पंचने एका ठोक्यात तोडा आणि तुकडा आठवणीने बाहेर काढा. आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या, भोकात तो राहून गेला की बोल्ट तळाला टेकतो आणि आवळला गेला असं उगाच वाटतं. हे मी एकदा भोगलंय.

झाकण जड असेल किंवा आवळणी जास्त असेल, तर जाड भिंतीचा बुश-इन्सर्ट जास्त टिकतो, पण त्याला भोक मोठं लागतं. जागा असेल तर मला सगळ्यात आवडतो तो स्टड, म्हणजे डोकं नसलेला आट्यांचा दांडा: प्लेटमध्ये एकदाच लॉकिंग लिक्विड (आटे घट्ट धरून ठेवणारं द्रव) लावून कायमचा बसवायचा आणि रोज फक्त नट काढायचा. मग ॲल्युमिनियमच्या आट्यांना कोणी हातच लावत नाही.

ओलावा किंवा खारी हवा असेल तर स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम यांच्यात गंज धरतो, आणि त्यात ॲल्युमिनियमच खाल्लं जातं. इन्सर्टचा बोल्ट बसवताना अँटी-सीझ पेस्ट (आटे जाम होऊ न देणारी) लावाच. मात्र पेस्ट लावल्यावर कोरड्या आट्यांचा टॉर्क (आवळण्याचा जोर) देऊ नका, कमी द्या. नाहीतर बोल्ट जास्त ताणला जातो. पहिले दोन-तीन वेढे नेहमी हातानेच.

भोकाच्या मध्यापासून प्लेटची कड किती अंतरावर आहे ते मोजून सांगा. हेलिकॉइलचे आटे बाहेरून ७.३ मिमीपर्यंत जातात, त्यामुळे कडेला किती धातू उरतो ते पाहूनच बुश की तार हे ठरवता येईल.