काजूच्या बागेत माकड मरून पडलंय, माकडतापाचा धोका आहे का?

हो, आहे. माकडताप हा विषाणूमुळे होणारा आजार आहे आणि तो मुख्यतः गोचिडींमुळे पसरतो. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पाचोळ्यात उतरतात, म्हणून जवळ न जाता लगेच प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा. भोवतालच्या साधारण ५० फुटांत कीटकनाशक मारावं लागतं. दोडामार्ग-सत्तरी या सिंधुदुर्ग-गोवा सीमेवरच्या पट्ट्यात बागेत जाताना पूर्ण बाह्या घाला, पँट मोज्यात खोचा, उघड्या अंगाला डेपा तेल (गोचिडींना दूर ठेवणारं) लावा. परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाका. काखा, जांघा, कानांमागे बारकाईने बघा, कारण गोचिडीचं पिल्लू खसखशीएवढंच दिसतं. चावल्यावर ३ ते ८ दिवसांत एकदम ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर माकडाचं सांगून रक्त तपासून घ्या. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. अर्थात प्रत्येक माकड याच विषाणूने मरतं असं नाही. ते तपासणीतच कळतं.